अभियांत्रिकीचे वर्ग, वास्तुकलेचा स्टुडिओ आणि मधली भिंत

इमारत असो, पूल असो किंवा साधे छत, ते घडवताना दोन कामे आळीपाळीने करावी लागतात. आधी काहीतरी सुचवावे लागते, आणि मग सुचवलेले उभे राहील का, बांधता येईल का, वापरणाऱ्यांच्या सोयीचे होईल का हे तपासावे लागते. तपासणीत ते टिकले नाही की पुन्हा नवे सुचवायचे आणि पुन्हा तपासायचे. अनुभवी माणसाच्या हातून ही दोन्ही कामे इतकी मिसळून होतात की त्याला स्वतःलाही ती वेगळी काढून दाखवता येत नाहीत. शिक्षणात मात्र आपण त्यांची वाटणी करून टाकली आहे. वास्तुकलेचा विद्यार्थी पहिल्या सत्रापासून सुचवायला शिकतो आणि तपासणी पुढे कोणीतरी करेलच असे धरून चालतो. स्थापत्य अभियांत्रिकीचा विद्यार्थी पहिल्या सत्रापासून तपासायला शिकतो आणि काय तपासायचे ते कोणीतरी आणून देईल म्हणून थांबून राहतो. मी बरीच वर्षे दोन्ही प्रकारच्या वर्गांना संरचना, म्हणजे इमारतीचा भार पेलणारा सांगाडा, हा विषय शिकवत आले आहे, आणि या दोन शाखांनी एकमेकांकडून विषयांपेक्षा सवयी घ्याव्यात, असे माझे ठाम मत झाले आहे.

विषयांची देवाणघेवाण तशी झालेलीच आहे. वास्तुकलेच्या अभ्यासक्रमात संरचनेचा विषय काही सत्रे असतो आणि स्थापत्य अभियांत्रिकीत इमारतीच्या आरेखनाचा एखादा विषय असतो. पहिल्यात भावी वास्तुविशारद साध्या आधारांवरच्या बीमच्या, म्हणजे आडव्या तुळईच्या, बेंडिंग मोमेंटचे (भार तिला किती जोराने वाकवू पाहतो त्याचे) सूत्र पाठ करतात, परीक्षेत उतरवतात, आणि स्टुडिओत स्वतःच्याच प्रकल्पातला बीम साधारण किती खोल लागेल असे विचारले की गप्प होतात. दुसऱ्यात भावी अभियंते दिलेल्या मापांवरून प्लॅन (वरून दिसणारा नकाशा), एलिव्हेशन (बाहेरून दिसणारी बाजू) आणि सेक्शन (उभा छेद) स्वच्छ रेघांत काढतात. पण दार इथेच का आणि जिना तिकडेच का, हे त्यांना कोणी विचारत नाही, म्हणून तेही स्वतःला विचारत नाहीत. माहिती भिंतीपलीकडे पोचली, पण ती माहिती ज्या रीतीने वापरली जाते ती रीत अलीकडेच राहिली.

ही भिंत मुळात फार जुनी नाही. फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलचा घुमट उभारणाऱ्या ब्रुनेलेस्कीला आपण कोणत्या शाखेचे असा प्रश्न पडला नसेल. लंडनचे सेंट पॉल्स कॅथेड्रल उभारणारा क्रिस्टोफर रेन तर ऑक्सफर्डला खगोलशास्त्राचा प्राध्यापक होता. पुढे फ्रान्समध्ये रस्ते आणि पूल बांधणाऱ्या अभियंत्यांसाठी १७४७ मध्ये वेगळी संस्था निघाली, १७९४ मध्ये एकोल पॉलितेक्निक स्थापन झाली, आणि गणित व यंत्रशास्त्र हा अभियंत्याच्या शिक्षणाचा पाया ठरला. वास्तुकलेचे शिक्षण पॅरिसमध्येच ललितकलांच्या परंपरेत राहिले. एखाद्या अनुभवी वास्तुविशारदाच्या कार्यशाळेत बसायचे, स्पर्धेसाठी चित्रे काढायची आणि ती परीक्षकांपुढे ठेवायची, अशी ती पद्धत. आजचे अभियांत्रिकीचे वर्ग पहिल्या घराण्यातून आले आहेत आणि वास्तुकलेचे स्टुडिओ दुसऱ्या.

ज्यांनी स्टुडिओ आतून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी तिथे काय चालते ते थोडे सविस्तर सांगायला हवे. विद्यार्थ्यांना एक प्रकल्प दिला जातो, समजा एका वस्तीसाठी वाचनालय. जागेचा उतार, उन्हाची आणि वाऱ्याची दिशा, कोणत्या वेळी कोण येईल, मुलांच्या आवाजापासून वाचणाऱ्यांना कसे दूर ठेवायचे, यातले काहीही उदाहरणात आयते दिलेले नसते. ते विद्यार्थ्याने शोधायचे, त्यातले महत्त्वाचे काय ते ठरवायचे आणि पहिल्याच आठवड्यात ट्रेसिंग पेपरवर दोनचार पर्याय घेऊन यायचे. शिक्षक टेबलाशी बसतो, त्या चित्रावर आणखी एक ट्रेसिंग पेपर ठेवतो आणि बोलता बोलता रेघा हलवून दाखवतो. पुढच्या आठवड्यात निम्मे काम टाकून द्यावे लागते. मॉडेल होते, मोडते, पुन्हा होते. शेवटी परीक्षकांची ज्युरी बसते आणि विद्यार्थी सगळ्या वर्गासमोर उभा राहून आपली शीट्स समजावून सांगतो. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकवणारे तत्त्वज्ञ डोनाल्ड शॉन यांनी १९८० च्या दशकात अशा स्टुडिओचा बारकाईने अभ्यास केला. व्यवसायात समोर येणारे प्रश्न कधीच नीटनेटके मांडलेले नसतात, आणि ते हाताळायचे कौशल्य जाणत्या माणसासोबत काम करतानाच अंगी येते, म्हणून इतर व्यवसायांच्या शिक्षणानेही स्टुडिओकडे पाहावे, असे त्यांचे सांगणे होते. मला ते आजही पटते.

अभियांत्रिकीच्या वर्गात याच्या नेमके उलट घडते. उदाहरणात स्पॅन, म्हणजे दोन आधारांमधले अंतर, दिलेला, भार दिलेला, काँक्रीटची आणि स्टीलची ताकद दिलेली, आणि उत्तर एकच. हे वाईट आहे असे मी म्हणणार नाही. या शिस्तीशिवाय कोणाच्याही हाती लोकांचे जीव सोपवता येणार नाहीत. पण चार वर्षे फक्त हेच केल्याने काय होते ते मी पाहते. दोन्ही वर्गांना मी कधीकधी एकच काम देते: मोकळ्या मैदानात, पावसात लोकांना थांबता येईल असे बारा मीटर स्पॅनचे छत. अभियांत्रिकीचे विद्यार्थी लगेच विचारतात की छत स्टीलचे की काँक्रीटचे आणि भार किती धरायचा. ते तुम्हीच ठरवा असे सांगितले की शांतता पसरते, आणि थोड्या वेळाने जवळपास सगळ्यांच्या कागदावर सारख्या अंतरावरचे कॉलम आणि त्यांच्यावर सपाट बीम उमटलेले असतात. हिशेब बरोबर असतो, पण लोक नेमके कुठून येतील आणि तिरका पाऊस कुठपर्यंत आत येईल याचा विचार क्वचित कोणी केलेला असतो. वास्तुकलेचे विद्यार्थी संध्याकाळपर्यंत दहा वेगळ्या आकृती आणतात, त्यांतल्या काही खरोखर सुंदर असतात. मात्र हलक्या छताला त्याच्या वजनापेक्षा वर उचलणाऱ्या वाऱ्याचा धोका मोठा असू शकतो आणि त्यासाठी ते जमिनीशी जखडावे लागते, हे त्यांतल्या फार थोड्यांना सुचलेले असते.

सुचवणे आणि तपासणे एकमेकांना कसे पुढे नेतात याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणून मी सिडनीच्या ऑपेरा हाउसकडे पाहते. १९५७ मध्ये यॉर्न उत्झन यांचा आराखडा स्पर्धेत निवडला गेला तेव्हा त्यातल्या शिडांसारख्या छतांना निश्चित भूमिती नव्हती. ओव्ह अरूप यांच्या कंपनीतल्या अभियंत्यांनी पुढची काही वर्षे एकामागून एक आकार तपासले. त्यांत पॅराबोला होते, इलिप्सॉइड होते. कुठे बळांचे गणित जुळत नव्हते, कुठे प्रत्येक तुकड्यासाठी वेगळा साचा लागत होता. १९६१ च्या सुमारास उत्तर सापडले ते प्रश्नच बदलल्यामुळे. दिलेल्या आकाराचे विश्लेषण कसे करायचे हा प्रश्न बाजूला पडला, आणि कोणत्या आकारात एकसारखे तुकडे पुन्हा पुन्हा ओतता येतील हा प्रश्न पुढे आला. सगळी छते साधारण ७५ मीटर त्रिज्येच्या एकाच गोलाच्या पृष्ठभागातून कापून घ्यायची असे ठरले, त्यामुळे सगळीकडची वक्रता एकच झाली आणि बरगड्या कारखान्यात ओतल्यासारख्या ओतता आल्या. या प्रकल्पाने माणसांची मोठी किंमतही घेतली. उत्झन १९६६ मध्ये काम सोडून गेले आणि इमारत १९७३ मध्ये त्यांच्याशिवाय खुली झाली. तरी गोलाची कल्पना ज्या टप्प्यावर जन्मली त्या टप्प्यावर आधीच्या सगळ्या फसलेल्या तपासण्या उपयोगी पडल्या होत्या, हे दोन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांना शिकवण्यासारखे आहे.

याहून सुखाचे उदाहरण शिकागोचे आहे, आणि ते थेट वर्गातून आलेले आहे. इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये वास्तुकलेच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना मायरन गोल्डस्मिथ मार्गदर्शन करत, आणि त्यांच्यासोबत ढाक्याला जन्मलेले संरचना अभियंते फझलुर खान असत. तिथे १९६४ मध्ये मिकिओ सासाकी या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात बाहेरच्या अंगाला मोठे तिरके आधार असलेली उंच इमारत मांडली. तीच कल्पना पुढे खान आणि वास्तुविशारद ब्रूस ग्रॅहम यांच्या शंभर मजली जॉन हॅनकॉक सेंटरमध्ये १९६९ मध्ये उभी राहिली. वाऱ्याचे बळ बाहेरच्या जाळीनेच पेलल्यामुळे तिथे दर चौरस मीटरला सुमारे १४५ किलो स्टील पुरले. १९३१ च्या एम्पायर स्टेट बिल्डिंगला सुमारे २०६ किलो लागले होते. वास्तुकलेच्या विद्यार्थ्याच्या टेबलाशी अभियंता पहिल्या रेघेपासून बसला होता, आणि तो अभियंता चूक काढायला आलेला पाहुणा नव्हता, ही त्या व्यवस्थेतली मोलाची गोष्ट मला वाटते.

अभियांत्रिकीने स्टुडिओकडून घ्यावी अशी आणखी एक सवय म्हणजे आधीच्या कामांची ओळख. वास्तुकलेचा तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी कितीतरी इमारतींचे प्लॅन आणि सेक्शन आठवणीने काढून दाखवतो. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला ऑयलर, मोर आणि कास्तिग्लियानो ही नावे सूत्रांमुळे माहीत असतात, पण जगातले पाच उत्तम पूल आणि त्यांचे रचनाकार सांगा म्हटले तर तो अडखळतो. मला हे फार खटकते, कारण चांगला पूल हा पाठ्यपुस्तकाइतकाच शिकवतो. रॉबर्ट मायार यांनी स्वित्झर्लंडमध्ये १९३० मध्ये पूर्ण केलेला साल्गिनातोबेलचा पूल घ्या. नव्वद मीटरची ही काँक्रीटची कमान दोन्ही टोकांना आणि मध्यावर बारीक होते आणि अधल्यामधल्या भागांत, म्हणजे स्पॅनच्या पाव आणि पाऊण अंतरावर, खोल होते. टोकांना आणि मध्यावर बिजागऱ्या आहेत, तिथे बेंडिंग मोमेंट शून्य असतो. पुलाच्या एकाच अर्ध्या भागावर भार आला की सर्वांत जास्त मोमेंट पाव अंतराच्या आसपास येतो. मोमेंटचा आलेखच काँक्रीटमध्ये उभा केल्यासारखा तो आकार आहे. प्रिन्स्टन विद्यापीठात डेव्हिड बिलिंग्टन यांनी अशाच रचनांच्या आधारे कित्येक दशके अभियांत्रिकी शिकवली, आणि काटकसर, कार्यक्षमता व देखणेपणा यांना एकत्र ठेवून संरचनेकडे पाहायला शिकवले. असा विषय प्रत्येक स्थापत्य अभियांत्रिकी विभागात सक्तीचा असावा.

आता दुसरी बाजू. वास्तुकलेच्या शिक्षणाला अभियांत्रिकीकडून घेण्यासारखे बरेच आहे, आणि ते सूत्रांच्या संख्येपेक्षा पुराव्याच्या सवयीत आहे. अंदाज बांधणे ही त्यातली पहिली पायरी. बीमचा छेद तोच ठेवून स्पॅन दुप्पट केला तर सारख्या पसरलेल्या भाराखाली बेंडिंग मोमेंट चौपट होतो आणि बीम सोळापट लवतो. आयताकृती बीमची रुंदी दुप्पट केली तर त्याचा ताठरपणा दुप्पट होतो, खोली दुप्पट केली तर आठपट. वास्तुकलेच्या विद्यार्थ्याने इतकेच खरोखर आत्मसात केले, म्हणजे रेघ ओढताना ते हाताला जाणवू लागले, तर संरचनेच्या सगळ्या परीक्षांपेक्षा त्याला जास्त मिळाले असे मी म्हणेन. हे न शिकवल्याची किंमत सर्वांत लाडक्या इमारतींनाही चुकलेली नाही. फ्रँक लॉइड राइट यांचे धबधब्यावरचे घर, फॉलिंगवॉटर, प्रत्येक स्टुडिओत दाखवले जाते. त्याच्या काँक्रीटच्या गच्च्या बांधतानाच लवू लागल्या. तपासणी करणाऱ्या अभियंत्यांनी राइट यांना न विचारता मुख्य मजल्याच्या बीममध्ये जादा सळ्या टाकल्या नसत्या तर त्या बहुधा टिकल्याच नसत्या. तरीही पुढच्या काही दशकांत हा लवण्याचा प्रकार सुमारे अठरा सेंटिमीटरपर्यंत गेला आणि २००२ मध्ये पोलादी केबल ताणून त्या गच्च्या सावराव्या लागल्या. हे घर दाखवताना त्याच तासात हेही सांगितले पाहिजे. त्याने घराचे सौंदर्य कमी होत नाही, आणि विद्यार्थ्याला लांब कॅन्टिलिव्हरची, म्हणजे एकाच टोकाला आधार असलेल्या भागाची, खरी किंमत कळते.

अपयशाचा अभ्यास ही याच सवयीतली पुढची गोष्ट. अभियांत्रिकीत पडलेले पूल आणि कोसळलेल्या इमारती निदान काही तास तरी शिकवल्या जातात. वास्तुकलेत फसलेल्या इमारतींना जवळजवळ जागाच नसते, जणू वास्तुविशारदाच्या निर्णयांमुळे कोणाचा जीव जात नाही. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ रोजी लागलेल्या आगीत ७२ माणसे गेली. नूतनीकरणात बाहेरून बसवलेल्या, पॉलिइथिलीनचा गाभा असलेल्या अॅल्युमिनियमच्या पत्र्यांमुळे ती आग इमारतभर चढली. २०२४ मध्ये आलेल्या चौकशीच्या अंतिम अहवालाने अनेकांबरोबर नूतनीकरणाच्या वास्तुविशारद कंपनीवरही मोठी जबाबदारी ठेवली. भिंतीच्या बाहेरच्या थरात काय आहे, ते कसे जळते आणि ते कोणी तपासले आहे, हे प्रश्न वास्तुकलेच्या शिक्षणाच्या केंद्रस्थानी असायला हवेत, आणि ते विचारण्याची पद्धत अभियांत्रिकीकडे तयार आहे: दावा करा, त्याचा आधार दाखवा, आधार कुठे तोकडा पडतो ते लिहा.

दोन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांना शेजारी बसवून शिकवावी अशी एक दुर्घटना मला नेहमी आठवते. १७ जुलै १९८१ रोजी अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलात छतापासून टांगलेले दोन पादचारी पूल कोसळून ११४ माणसे मृत्युमुखी पडली. मूळ आराखड्यात छतापासून निघालेला एकच सलग रॉड वरच्या पुलाच्या बीममधून आरपार जाऊन खालच्या पुलापर्यंत पोचत होता. एवढ्या लांब रॉडला आटे पाडून त्यावरून नट चढवत नेणे बांधणाऱ्यांना अडचणीचे वाटले, म्हणून एका रॉडचे दोन केले गेले: एक छतापासून वरच्या पुलापर्यंत आणि दुसरा वरच्या पुलापासून खालच्या पुलापर्यंत. एका दोरीला दोन माणसे आपापल्या हातांनी लटकलेली असताना खालच्या माणसाने दोरी सोडून वरच्याचे पाय धरावेत, तसे हे झाले. दोरीवरचा भार तेवढाच राहिला, पण वरच्या पुलाच्या बीमखालच्या नटवर दुप्पट भार आला. मुळातला सांधाही नियमांच्या मानाने कमकुवत होता, तरी बदल मंजूर झाला. या सांध्याचा फ्री बॉडी डायग्रॅम, म्हणजे त्यावरची सगळी बळे दाखवणारी आकृती, काढला असता तर पाच मिनिटांत धोका दिसला असता. ही अभियांत्रिकीची सवय. आणि हा सांधा मोठ्या मापात काढून, हा रॉड इथे नेमका कसा बसवणार, असे आराखडा करतानाच विचारले असते, तर बदल करायची वेळच आली नसती. ही चांगल्या स्टुडिओची सवय. जिथे दोघांनी एकत्र पाहायला हवे होते तिथे कोणीच पाहिले नाही.

स्टुडिओच्या दोषांकडे डोळेझाक करून त्याचे गोडवे गाणे मात्र मला मान्य नाही. ज्युरीत कधीकधी कामापेक्षा बोलणे मोजले जाते. निकष आधी लिहून दिलेले नसतात, परीक्षकांची आवडनिवड गुणांत उतरते, आणि रात्र रात्र जागणे हे निष्ठेचे लक्षण मानले जाते. अमेरिकेतल्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने २००२ मध्ये या संस्कृतीवर अहवाल काढला, त्यात जागरणांपासून ज्युरीच्या वागणुकीपर्यंत सगळ्याची चिकित्सा होती. इथे अभियांत्रिकीचा साधेपणा उपयोगी पडतो. कोणत्या गोष्टीला किती गुण ते आधी सांगायचे, उत्तर चुकले तरी बरोबर पायऱ्यांचे गुण द्यायचे, आणि थकलेल्या माणसाच्या हातून हिशेबात चूक होते हे मान्य करून कामाचे तास आखायचे.

दोघांना एकत्र बसवायचे तर दोघांना कळेल अशी भाषा हवी, आणि ती तयार आहे, आपण फक्त ती बाजूला टाकली आहे. झुरिकच्या पॉलिटेक्निकमध्ये कार्ल कुलमान यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ग्राफिक स्टॅटिक्स शास्त्रशुद्ध रूपात मांडले. यात बळे रेघांनी दाखवली जातात. एका आकृतीत संरचनेचा आकार आणि शेजारच्या आकृतीत त्या आकारातली बळे. एक रेघ हलवली की दुसरीकडची रेघ हलते. आयफेल टॉवरची मूळ कल्पना काढणारे मोरिस कोक्लँ हे कुलमान यांचे विद्यार्थी होते, आणि मायार यांना ही पद्धत कुलमान यांचे उत्तराधिकारी विल्हेल्म रिटर यांनी शिकवली. संगणक आल्यावर वेळखाऊ म्हणून ती बहुतेक ठिकाणी वगळली गेली. पण शिकवताना तिचा जो फायदा आहे तो आजही दुसऱ्या कशात नाही: वास्तुकलेचा विद्यार्थी त्यात आकार पाहतो, अभियांत्रिकीचा विद्यार्थी बळ पाहतो, आणि दोघे एकाच कागदाकडे पाहत असतात. आज तर ती पडद्यावर जिवंत हलवून दाखवता येते, त्यामुळे वेळ जातो ही तक्रारही उरलेली नाही.

सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात. दोन्ही शाखांतले विद्यार्थी आता पडद्यावरच्या रंगीत चित्रावर लवकर विश्वास ठेवतात. नॉर्वेत २३ ऑगस्ट १९९१ रोजी स्लाइप्नर ए या समुद्री प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा पाया चाचणीच्या वेळी बुडाला. संगणकावरच्या विश्लेषणात एका भिंतीतले शिअरचे, म्हणजे तिला कापू पाहणारे, बळ जवळजवळ ४७ टक्क्यांनी कमी आले होते. हाताने ढोबळ हिशेब करून पाहण्याची सवय दोन्हीकडे सारख्याच सक्तीने लावायला हवी.

एकत्र शिक्षण ही स्वप्नातली गोष्ट नाही. जपानमध्ये वास्तुकला पहिल्यापासून अभियांत्रिकीच्या छत्राखाली वाढली. जोसाया काँडर १८७७ मध्ये टोकियोच्या शाही अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवायला आले आणि तिथली पहिली तुकडी १८७९ मध्ये बाहेर पडली. भूकंपाच्या देशात ही सोबत टिकून राहिली, आणि आजही तिथल्या बहुतेक विद्यापीठांत इमारतींची रचना करणारे आणि त्यांच्या संरचनेचे गणित करणारे एकाच विभागात शिकायला सुरुवात करून पुढे वेगळे होतात. इमारतीवर भूकंपाचे बळ किती धरायचे याची सुरुवातीची पद्धत ज्यांनी घालून दिली ते सानो तोशिकाता मुळात वास्तुकलेचेच पदवीधर होते. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठात संरचना अभियंते टेड हॅपोल्ड १९७६ मध्ये प्राध्यापक म्हणून आले, आणि त्यांच्या पुढाकाराने वास्तुकला व स्थापत्य अभियांत्रिकीचे विद्यार्थी एका विभागात, काही प्रकल्प एकत्र करत शिकू लागले.

असे विभाग सगळीकडे उभे राहणार नाहीत, हे मी जाणते. दोन शाखांच्या मान्यता वेगळ्या संस्था देतात, वेळापत्रके वेगळी असतात आणि दोन्ही अभ्यासक्रम आधीच गच्च भरलेले असतात. तरी एक सामाईक स्टुडिओ बसवता येतो, आणि तो शेवटच्या वर्षी ठेवू नये असे मी आग्रहाने सांगेन. शेवटच्या वर्षापर्यंत दोघांच्या मनात एकमेकांबद्दलची मते पक्की झालेली असतात; अभियंता म्हणजे नकार देणारा आणि वास्तुविशारद म्हणजे स्वप्ने पाहणारा. दुसऱ्या वर्षी दोघांनाही पुरेसे येत नसते, म्हणून दोघे एकमेकांना विचारतात. प्रकल्प लहान असावा, खऱ्या मापाचा एखादा सांधा किंवा छोटेसे छत हाताने बांधून त्यावर भार टाकून पाहता येईल असा. अमेरिकेत ऑबर्न विद्यापीठाच्या रूरल स्टुडिओने १९९३ पासून विद्यार्थ्यांकडून खरी घरे बांधून घेतली आहेत. तेवढे जमले नाही तरी मोडेपर्यंत भार दिलेला लाकडाचा एक ट्रस (त्रिकोणांत जोडलेल्या दांड्यांचा सांगाडा) पुष्कळ शिकवून जातो. त्यासाठी वेळ कुठून आणायचा याचे माझे उत्तर सरळ आहे: वास्तुकलेतला संरचनेच्या सूत्रांचा एक पेपर आणि अभियांत्रिकीतला नकला काढण्याचा आरेखनाचा विषय काढून टाकावा.

गुण कसे द्यायचे यावर सगळे अवलंबून राहील, कारण विद्यार्थी जिथे गुण आहेत तिथेच वेळ घालवतात. माझ्या मते जोडीने केलेल्या कामाला दोन्ही शाखांच्या परीक्षकांनी मिळून एकच गुण द्यावा. रचनेचे वेगळे आणि हिशेबाचे वेगळे असे तुकडे केले की विद्यार्थीही लगेच काम वाटून घेतात, आणि मग आपण जिथून निघालो तिथेच परत येतो. तोंडी परीक्षेत वास्तुकलेच्या विद्यार्थ्याला हिशेब समजावायला सांगावा आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला जागेचा विचार. आणि शेवटच्या शीटबरोबर तपासणीत फसलेला किमान एक आधीचा पर्याय जोडणे बंधनकारक असावे, तो कोणत्या आकड्यामुळे किंवा कोणत्या गैरसोयीमुळे फसला आणि त्यामुळे पुढच्या आराखड्यात नेमकी कोणती रेघ बदलली, हे दोघांनी मिळून लिहिलेल्या एका पानासह.